फातोर्ड्याचा पास आणि आम्ही डिचोली-पेडणेकर

डिचोली-पेडणे आणि फुटबॉल असं एका दमात म्हटलं की मडगावचा माणूस गालातल्या गालात हसतो. तुम्ही दशावतार बघा, भजनं म्हणा, चवथीला घुमट वाजवा. फुटबॉल आमच्या सासष्टीचा, असा त्याचा हिशेब. माझे एक मडगावचे स्नेही तर मला अजून विचारतात, "तुला ऑफसाइड कळतं का रे?"

तर मंडळी, आज थोडं त्याबद्दल. आणि त्याच्या पोटात दुसरा एक विषय आहे, तो म्हणजे आमच्या दोन घरांत मिळून घेतलेले सीझनचे चार पास, आणि त्या पासांची किंमत कशी उतरत गेली ते. किंमत म्हणजे छापलेली नव्हे, ती वेगळी.

आधी मडगावकरांसाठी दोन गोष्टी. गोव्यात फुटबॉल आणला तो फादर विल्यम लायन्स यांनी, १८८३ साली, शिवोलीत. शिवोली बार्देशात, पण शापोरा नदीच्या काठावर. पलीकडचा काठ चोपड्याचा, म्हणजे पेडणे तालुका. मध्ये पूर्वी एक फेरीबोट होती. म्हणजे हा खेळ सासष्टीत पोचायच्या आधी पेडण्याच्या दारात आला होता, नदी ओलांडायला उशीर झाला एवढंच. दुसरी गोष्ट डेंपोची. पाच वेळा देशाचा चॅम्पियन झालेला हा क्लब; त्याचं मूळ साठच्या दशकातल्या एका संघात आहे, आणि त्या संघाच्या नावात 'बिचोली' होतं. बिचोली म्हणजे आमची डिचोली! हे सांगितलं की स्नेही विषय बदलतात.

डिचोलीत फुटबॉल आला तो खाणीबरोबर. माती तांबडी, ट्रक तांबडे, आणि मुलांच्या पायातले कॅनव्हासचे बूटही तांबडे. खाणमालक कंपन्यांचे संघ होते: साळगावकर १९५६ पासून, पुढे सेझा, डेंपो. खुद्द भाऊसाहेब बांदोडकर पेडण्याचे, खाणमालक, आणि खेळांचे मोठे शौकीन. सत्तरच्या दशकात त्यांच्या नावाची बांदोडकर ट्रॉफी गोव्यात गाजली. माझे वडील एका खाणीच्या कचेरीत कारकून होते (कंपनीचं नाव नको). 'आपली गेम आहे' असं ते म्हणायचे. आपली म्हणजे कंपनीची. ज्या हातून पगार मिळतो त्याच हातून संघही चालतो, त्यामुळे त्या 'आपली'त काही खोटं नव्हतं. कधी ट्रकमधून, कधी बसने माणसं जायची, आणि तिकिटाची चिंता कोणी केलेली मला आठवत नाही.

जागा धरायची आमची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. देवळाच्या मांडावर रात्री नाटक असलं की संध्याकाळी पाचलाच चटया नि खुर्च्या नेऊन ठेवायच्या. त्या चटईवर दुसरं कोणी बसायचं नाही. पावती नाही, नंबर नाही, पण हक्क पक्का. आणि तो हक्क एका रात्रीचा. सकाळी चटई गुंडाळून घरी. दुसरा हक्क महाजनकीचा. तो पिढ्यान्‌पिढ्या चालतो, पण विकता येत नाही, आणि विकायचं कोणाच्या मनातही येत नाही. या दोन्हींच्या मधला जो प्रकार आहे, म्हणजे पैसे भरून सबंध वर्षाची एक खुर्ची आपली करायची, तो आमच्याकडे फार उशिरा आला.

मधल्या काळात गोव्याने काय काय केलं! १९८३ ला संतोष ट्रॉफी बंगालबरोबर वाटून घेतली, १९८४ ला एकट्याने जिंकली, तीही संपूर्ण स्पर्धेत एकही गोल न खाता. गोलात ब्रह्मानंद शंखवाळकर, तोच कप्तान. १९८९ मध्ये फातोर्ड्याचं स्टेडियम उभं राहिलं आणि पुढच्याच वर्षी त्याच मैदानावर केरळला हरवून पुन्हा संतोष ट्रॉफी घेतली. मग आय-लीग. २००७-०८ पासून २०१२-१३ पर्यंत सलग सहा वर्षं विजेतेपद गोव्याबाहेर गेलं नाही: डेंपो तीनदा, चर्चिल दोनदा, साळगावकर एकदा. एवढंसं राज्य, आणि बंगालला सहा वर्षं बाहेर बसवलं.

पण त्या सहा वर्षांतलं एक चित्र विचित्र होतं. संघ देशात पहिला, आणि दुपारी चारच्या मॅचला स्टँड अर्धा रिकामा. कोणत्याही दिवशी जा, कुठेही बसा. अशा ठिकाणी वर्षाचा पास कोण घेणार? तुटवडा असला तर राखीव जागेला मोल. मला तेव्हा वाटायचं, एकदा हे स्टेडियम भरलेलं बघायला मिळू दे.

ते मिळालं, पण कशाच्या बदल्यात ते नंतर कळलं. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खाणी बंद पडल्या, आधी सरकारच्या आदेशाने आणि मग सर्वोच्च न्यायालयाच्या. डिचोलीत त्या वर्षी काय झालं ते इथल्या लोकांना सांगायला नको. दारात उभे ट्रक, त्यांचे हप्ते. खाणी पुढे सुरू झाल्या, २०१८ ला पुन्हा थांबल्या. खाणींची ती घडी विस्कटली आणि दुसरीकडे दिल्लीत फुटबॉलची नवी घडी बसत होती. २०१६ ला ठरायला लागलं की आयएसएल वरची लीग आणि आय-लीग खालची. त्यावर साळगावकर, स्पोर्टिंग आणि डेंपो तिघेही आय-लीगमधून बाहेर पडले. डेंपो तर त्याच वर्षी दुसरी डिव्हिजन जिंकून वर आला होता. मला आजही तो निर्णय बरोबरच वाटतो. वर चढायची शिडीच काढून घेतली तर जिंकून करायचं काय?

राहिला एफसी गोवा. २०१४ चा जन्म, झिको प्रशिक्षक, आणि फातोर्डा भरलेलं! एकोणीस हजारांच्या आसपास माणूस. पहिल्याच वर्षी उपांत्य फेरीत कोलकात्याकडून पेनल्टीवर हरलो. २०१५ चा अंतिम सामना तर घरच्याच मैदानावर, २० डिसेंबरला. ८७ व्या मिनिटाला आपण २-१ ने पुढे, आणि शेवटच्या दोन-तीन मिनिटांत चेन्नईने दोन गोल मारले. त्या रात्री माझे पेडण्याचे भावोजी म्हापशापर्यंत एक शब्द बोलले नाहीत. म्हापशाला उतरताना म्हणाले, "पुढच्या खेपेक आपण कायमच्यो खुर्च्यो घेवया."

पण २०१६ ला संघ तळाला गेला, त्यामुळे बेत एक वर्ष लांबला. २०१७-१८ साठी चार पास घेतले: मी, मुलगा, भावोजी, भाचा. चारही खुर्च्या एका रांगेत.

आता हिशेब. आमच्या दोन्ही घरांहून फातोर्डा साठेक किलोमीटर. भावोजी नि भाचा म्हापशाला येणार, तिथून एका गाडीत. सामना रात्री आठला. संपून, पार्किंगमधून बाहेर पडून घरी पोचायला बारा. आठवड्याच्या मधल्या दिवशी सामना आला की भाच्याची दुसऱ्या दिवसाची नोकरी आडवी. घरचे सामने नऊ, आम्ही चौघे एकत्र पोचलो सहांना. मडगावकराला पास स्वस्त पडतो, पेडणेकराला महाग, जरी छापलेली किंमत तीच. तरी त्या वर्षी कोणी कुरकुरलं नाही. कोरोमिनासचे गोल बघायला मिळत होते, आणि जाता-येता गाडीत जे बोलणं व्हायचं ते सणावारालाही होत नसे. भाच्याचं लग्न त्याच गाडीत ठरलं म्हणा ना.

पहिली दोन वर्षं पास म्हणजे कार्ड होतं. आपण जाणार नसलो तर शेजारच्या मुलाला द्यायचं, तो खूश. मग तिकीट मोबाईलवर आलं, आणि शेजारच्या मुलाला द्यायचं तर मोबाईलच द्यायला हवा! बारीक गोष्ट आहे, पण पासाचं अर्धं मोल देण्या-घेण्यातच होतं.

परदेशात ही गोष्ट फार पुढे गेलेली आहे. अमेरिकेत त्यांच्या फुटबॉलला (हातात धरून पळतात तो) ग्रीन बे नावाच्या छोट्या गावात सीझन तिकिटं मृत्युपत्रात लिहून ठेवतात, आणि प्रतीक्षा यादीत लाखाहून जास्त नावं आहेत. काही शहरांत तर त्याहून पुढचा प्रकार आहे: आधी तिकीट विकत घेण्याचा हक्क विकत घ्यायचा, मग दर वर्षी तिकिटाचे पैसे वेगळे. लोकांनी तो हक्क जमिनीसारखा घेतला, पुढे भाव येईल म्हणून. सेंट लुईसच्या लोकांनी रॅम्स संघासाठी तसे पैसे भरले आणि २०१६ ला संघच उठून लॉस एंजेलिसला गेला. खुर्ची जागेवर, हक्काचा कागद हातात, संघ तीन हजार किलोमीटरवर. लोक कोर्टात गेले, काही पैसे परत मिळाले. बाकी ठिकाणीही असे हक्क घेतलेल्या किमतीच्या खाली विकले जातात, कारण घरचा टीव्ही मोठा झाला आणि एकेका सामन्याचं तिकीट हवं तेव्हा मोबाईलवर मिळायला लागलं. हे वाचल्यावर मी भावोजींना म्हटलं, खुर्ची आपण विकत घेत नाही, सीझन भरवणाऱ्याचा शब्द विकत घेतो.

त्या शब्दाची पहिली परीक्षा कोविडने घेतली. २०१९-२० ला आपण लीगमध्ये पहिले आलो, शील्ड जिंकली, आशियाच्या चॅम्पियन्स लीगच्या गटात जाणारा पहिला भारतीय क्लब झालो. आणि पुढच्या वर्षी सगळी आयएसएल गोव्यातच! फातोर्डा, बांबोळी, वास्को; शंभराहून जास्त सामने, देशातले सगळे संघ आमच्या अंगणात, आणि आम्ही डिचोलीत टीव्हीसमोर. एप्रिल २०२१ चे आशियाचे सामनेही फातोर्ड्यातच, बंद दारामागे. त्याचा दोष कोणाला देता येत नाही. पण दोन वर्षांची सवय तुटली ती तुटलीच. मुलगा नोकरीला पुण्याला गेला. भाचा मोपाच्या विमानतळावर लागला, शिफ्टची नोकरी. चारांचे दोन पास झाले.

गंमत बघा, रस्ता त्याच सुमाराला सुधारला. झुवारीचा नवा पूल झाला, आगशीची ती कोंडी सुटली. जायला सोपं झालं तेव्हा जाणारी माणसं कमी. तरी २०२४-२५ ला मी नि भावोजींनी पास घेतला. तेरा संघ, घरचे सामने बारा, म्हणजे एका खुर्चीत पूर्वी कधी नव्हते इतके.

आणि मग २०२५ ची ती जुलै. सीझन स्थगित. कारण २०१० च्या डिसेंबरात फेडरेशनने रिलायन्सच्या कंपनीला दिलेले पंधरा वर्षांचे सगळे व्यापारी हक्क ८ डिसेंबर २०२५ ला संपत होते. मूळ करार ७०० कोटींचा, अखेरच्या वर्षांत वर्षाला साधारण ५० कोटी. नव्या टेंडरमध्ये किमान रक्कम ठेवली वर्षाला साडेसदतीस कोटी, आणि नोव्हेंबरच्या मुदतीपर्यंत एकही बोली आली नाही. एकही नाही. आम्ही एका खुर्चीचा हिशेब घालत बसलो होतो, आणि वर सबंध देशाच्या फुटबॉलचा हक्क कोणी उचलायला तयार नव्हतं. हे वाचलं त्या दिवशी मला आमच्या पासाचं दुःख करायचं हसू आलं.

त्याच महिन्यांत गंमत म्हणजे गोवा उत्तम खेळत होता. ऑगस्टमध्ये ओमानच्या संघाला हरवून आशियाच्या स्पर्धेत गेला, २२ ऑक्टोबरला फातोर्ड्यात अल नासर आला. रोनाल्डो येणार, नाही येणार, असं महिनाभर चाललं, नाही आला. तिकिटं नेहमीपेक्षा कितीतरी महाग. १-२ ने हरलो, पण आपल्या ब्रायसनने गोल मारला. ७ डिसेंबरला, करार संपायच्या आदल्या दिवशी, फातोर्ड्यातच ईस्ट बंगालला पेनल्टीवर हरवून सुपर कप घेतला. म्हणजे एकेका रात्रीची चटई महाग झाली आणि वर्षाच्या खुर्चीला गिऱ्हाईक नाही, असं ते वर्ष.

शेवटी जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालं: १४ फेब्रुवारीपासून आयएसएल, चौदा संघ, प्रत्येकाशी एकदाच, एकूण ९१ सामने. प्रत्येक संघाला तेरा, त्यातले घरचे सहा किंवा सात. मी भावोजींना फोन केला, त्यांचं वय आता त्र्याहत्तर. पास निघाला तर घ्यायचा का, विचारलं. पलीकडे थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "स गेमींक पास कित्याक रे? सुट्टी तिकिटां काढ. आणि भाच्याक इचार, त्याची खंयची शिफ्ट आसा."

विचारलं. त्याची पहिल्या सामन्याला सकाळची आहे.