पाटणकर, रा. भा.

(१९२७–२००४). मराठी सौंदर्यशास्त्रज्ञ व समीक्षक. मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे प्राध्यापक. वर्गात शिकवायचे ते साहित्य आणि लिहायचे ते बव्हंशी तत्त्वज्ञान, अशी त्यांच्या कारकिर्दीची घडण. ‘ईस्थेटिक्स अँड लिटररी क्रिटिसिझम’ (१९६९) हे इंग्रजी पुस्तक आधी आले. परंतु त्यांचे नाव घेतले जाते ते ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) या ग्रंथासाठी. त्याला १९७५ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला.

या ग्रंथामागे कवी व सौंदर्यविचारक बा. सी. मर्ढेकर यांच्याशी घातलेला दीर्घ वाद आहे. संवाद, विरोध व समतोल या लयसंबंधांत मर्ढेकरांनी सौंदर्य शोधले आणि भावनात्मक अर्थ हे साहित्याचे माध्यम मानून तीच कसोटी साहित्यालाही लावली. पण कादंबरीतून माणसांचे व्यवहार, नीती-अनीती वजा केली तर हाती काय राहते? पाटणकरांच्या मते सौंदर्याची संकल्पना द्विध्रुवात्मक आहे. अलौकिकतावादी ध्रुवावर कला स्वायत्त असते, तिचे निकष तिच्यापुरते असतात. लौकिकतावादी ध्रुवावर ती ज्ञान, नीती व भावना यांच्याशी बांधलेली असते. कोणत्याही एका ध्रुवावर उभे राहून सगळ्या कलाव्यवहाराचा उलगडा होत नाही. स्वायत्त आणि परायत्त सौंदर्यात भेद करणारा कांट येथे त्यांच्या कामी येतो. हा सिद्धान्त तडजोडीचा वाटण्याचा संभव आहे, मात्र दोन ध्रुवांमधला ताण पाटणकर कोठेही मिटवू पाहत नाहीत. समोरच्या कलाकृतीपुरता कोणता ध्रुव प्रमाण धरावा, हे त्यातून आपोआप ठरत नाही. तो निर्णय समीक्षकालाच करावा लागतो.

‘क्रोचेचे सौंदर्यशास्त्र : एक भाष्य’ व ‘कांटची सौंदर्यमीमांसा’ ही त्यांची भाष्ये अवघड विषय मराठीतूनच, संज्ञा घडवत मांडतात. शैली कोरडी, अलंकारांना जवळजवळ मज्जाव. रसाळ समीक्षेला सरावलेल्या वाचकाला ती सुरुवातीला जड जाते. उपयोजित समीक्षेत त्यांनी कमल देसाई यांच्या कथा आणि शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे साहित्य निवडले. दोघांच्याही लेखनात वैचारिक पीळ आहे, हे येथे लक्षात घ्यावे. उत्तरायुष्यातील ‘अपूर्ण क्रांती’ (१९९९) हा ग्रंथ सौंदर्यशास्त्राबाहेर पडून आधुनिकतेच्या अर्धवट राहिलेल्या प्रकल्पाची चिकित्सा करतो.