मधोमध बसवलेली मूठ

१९९०च्या दशकाच्या मध्यावर सोनी वाहिनीवर जुन्या अमेरिकी विनोदी मालिका हिंदीत डब करून दाखवत असत. 'बिविच्ड' आणि 'आय ड्रीम ऑफ जीनी' या त्यांतल्या दोन. त्या काळी शाळकरी वयात असलेल्या आमच्या पिढीला त्यांतील जादूटोण्याचे जेवढे अप्रूप होते, तेवढेच, कदाचित त्याहून काकणभर अधिक, त्या घरांचे होते. पायऱ्या उतरून जायची बैठकीची खोली, दोन दारांचा फ्रीज, भिंतीवरचे किरणांसारखे काटे असलेले घड्याळ. अशाच कुठल्याशा मालिकेत पाहिलेली एक क्षुल्लक गोष्ट मात्र मनात रुतून बसली. दर्शनी दाराची मूठ कडेला नव्हती. ती दाराच्या बरोबर मधोमध होती आणि तिच्यामागे ताटलीएवढी चकचकीत तबकडी बसवलेली होती.

कडी, कोयंडा, अडसर, खिटी असा आपला दाराचा शब्दसंग्रह. त्यात फिरवायच्या गोल मुठीला नीटसा शब्द नाही. आपण तिला 'नॉब'च म्हणतो. पण आपल्याकडची कडी असो वा त्यांचा नॉब, दार धरायचे ते बिजागरीपासून शक्य तितके दूर, हे सुताराला कोणी शिकवावे लागत नाही. अमेरिकी घराचे दर्शनी दार साधारण ३६ इंच रुंद असते. मूठ नेहमीच्या जागी, म्हणजे मोकळ्या कडेपासून दोन-पावणेतीन इंचांवर असली, तर बिजागरीपासून तिचे अंतर तेहतीस इंचांच्या आसपास भरते. मधोमध आणली की ते अठरा इंचांवर येते. म्हणजे तेच दार ओढायला जवळजवळ दुप्पट जोर लागणार. शिवाय मूठ फिरवल्यावर जी जीभ चौकटीतून मागे सरायची, ती तर कडेलाच राहणार. तेव्हा मूठ आणि जीभ यांच्यामध्ये दाराच्या पोटातून एक लांब पट्टी न्यावी लागणार, त्यासाठी कडेतून फूट-दीड फूट सरळ भोक पाडावे लागणार आणि गिरमिट तसूभर तिरपे गेले की दार वाया जाणार. इतका खटाटोप कशासाठी?

परंपरा, हे एक उत्तर दिले जाते. अठराव्या शतकातील लंडन आणि डब्लिनच्या घरांवर मधोमध मुठी आहेतच. टोल्कीनच्या 'द हॉबिट'मध्ये (१९३७) बिल्बोच्या गोल दाराची मूठही ऐन मध्यावर आहे, ती याच इंग्रजी सवयीतून आली असावी. पण हे उत्तर वरवरचे आहे. त्या जॉर्जियन दारांवरची मूठ सहसा फिरत नाही. बाहेर पडताना दार ओढून घ्यायला धरायचे एक बोंड, एवढेच तिचे काम. कुलूप वेगळे, आतल्या बाजूने कडेला पेटीसारखे ठोकलेले. आणि त्या दाराला सहा पाट असल्यामुळे दोन्ही बाजूंच्या पाटांमधून जी उभी पट्टी जाते, तिच्यावर ते बोंड शोभूनही दिसे. अमेरिकेने १९५०-६०च्या दशकांत केले ते निराळेच. तिथे मधली मूठ खरोखर फिरू लागली आणि कडेची जीभ हलवू लागली.

हे शक्य झाले ते एका जर्मन स्थलांतरिताच्या कारागिरीमुळे. वॉल्टर श्लेग याने १९०९ मध्ये घेतलेले पहिले पेटंट मोठे गमतीदार आहे : दाराबरोबर विजेचा दिवा लावणारे-मालवणारे कुलूप! त्याने १९२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत कंपनी काढली आणि त्याच दशकात मुठीच्या आतच कळ असलेले नळकांडी कुलूप घडवले. त्यापूर्वी दाराच्या जाडीत छिन्नीने खोबण कोरून पेटीचे कुलूप बसवावे लागे. ते कसबी सुताराचे काम. नळकांडी कुलपाला दोनच भोके पुरतात, एक दारातून आरपार आणि एक कडेतून त्याला भेटणारे. मग कडेचे भोक थोडे लांबवून आत जोडपट्टी घातली की मूठ कितीही आत सरकवता येते. पुढे १९४६ मध्ये लॉस एंजेलिसजवळच्या साउथ गेट येथे 'क्विकसेट' निघाली. त्या नावातच घाई आहे. युद्धावरून परतलेल्या सैनिकांना घरे हवी होती, लाखांनी आणि तातडीने, आणि त्या घरांच्या दारांना कुलपे हवी होती.

या घाईतूनच दाराचे रूप पालटले. पाटांचे दार महाग पडते. त्याऐवजी दोन्ही बाजूंनी प्लायवूडचा सपाट तक्ता चिकटवलेले गुळगुळीत दार स्वस्त आणि आधुनिकही दिसे. मला वाटते, मधल्या मुठीचे खरे रहस्य इथे आहे. पाटांच्या दारात कडेची उभी चौकटपट्टी डोळ्यांना दिसते, मूठ तिथेच हवी हे आपोआप पटते. सपाट दाराने ती पट्टीच पुसून टाकली. उरला तो एक कोरा आयत आणि कोऱ्या आयतावर काही ठेवायचे म्हटले की हात आपसूक मध्याकडे जातो. कपाळावर टिकली लावावी तशी. त्यात मुठीमागची तबकडी कधी एकात एक वर्तुळांची, कधी चौकोनी, कधी ताऱ्यासारखे किरण फेकणारी. मुठीच्या आधारापुरती चकती दोन-अडीच इंचांची पुरते. या तबकड्या चांगल्या सहा-आठ इंचांच्या, काही त्याहूनही मोठ्या. पोकळ दारात कुलपासाठी लाकडाचा ठोकळा कडेलाच भरलेला असतो, म्हणून ही हौस भरीव दाराच्याच मालकाला परवडे. ज्याला तेही जमत नसे, तो मध्यावर नुसती खोटी, न फिरणारी मूठ बसवी आणि खरे कुलूप कडेला ठेवी. म्हणजे फिरून फिरून लंडनचीच तऱ्हा!

एकसारख्या घरांच्या वसाहतीत या तबकडीला आणखी एक अर्थ होता. न्यूयॉर्कजवळच्या लेव्हिटटाउनमध्ये १९४७ ते १९५१ या काळात १७,४४७ घरे उभी राहिली, जवळजवळ एकाच साच्यातली. अशा वसाहतींत रस्त्यावरून आपले घर ओळखू यावे असे वाटले तर बदलायला हाताशी काय? रंग आणि दार.

दूरचित्रवाणीला असे दार आवडावे यात नवल नाही. 'आय लव्ह लूसी' (१९५१-५७) या मालिकेने समोर प्रेक्षक बसवून तीन कॅमेऱ्यांनी एकदम चित्रण करण्याची जी पद्धत रूढ केली, तिच्यात घर म्हणजे एक बाजू कापून टाकलेला खोका. चौथ्या भिंतीच्या जागी कॅमेरे आणि प्रेक्षक. अशा घरात दार हे सर्वांत महत्त्वाचे पात्र ठरते. नाटकातल्या विंगेचे काम इथे ते करते : शेजारी येतो, साहेब अवचित जेवायला येतो, सासू येते ('बिविच्ड'मधली सासू मात्र दाराची पर्वा न करता हवेतून प्रकटते, आणि तो विनोद कळतो तोही इतर सर्वजण दारातून येतात म्हणूनच). पडद्यावर अमेरिकेत तेव्हा ५२५ रेघांचे चित्र, पुष्कळ घरांत कृष्णधवल, आणि संच लहान. कडेची बारीक मूठ त्यात हरवून जाईल. मधली भली मोठी तबकडी दिव्यात चमकेल. शिवाय नेपथ्यातल्या दारापलीकडे रस्ता नसतो. रंगवलेला पडदा आणि कुंडीतले झाड असते. तिथे चोर येणार नाही, वारा येणार नाही, पाऊस लागून लाकूड फुगणार नाही. मधल्या मुठीचे जे जे दोष वर सांगितले, ते सगळे अशा दारात गळून पडतात आणि शोभा तेवढी शिल्लक राहते. वापरण्यापेक्षा पाहण्यासाठी घडवलेल्या या वस्तूला तिच्या स्वभावाजोगते घर मिळाले ते स्टुडिओत.

इथपर्यंत ही गोष्ट रंजक आहे. पण या मालिकांतल्या दारांची आणखी एक खासियत अशी, की ती क्वचितच कुलूपबंद दिसतात. लूसीच्या घरात फ्रेड आणि एथेल हवे तेव्हा शिरतात. पुढे 'साइनफेल्ड'मध्ये (१९८९-९८) क्रेमर अक्षरशः घसरत आत येतो. भय नसलेले घर, असे काहीसे ते चित्र. त्या चित्राच्या बाहेर काय चालले होते, हे पाहायला १९५७ हे एकच वर्ष पुरे आहे.

त्या वर्षी ४ ऑक्टोबरला 'लीव्ह इट टू बीव्हर' ही मालिका सुरू झाली. आदर्श उपनगर, आदर्श घर, आदर्श आईबाप. योगायोग असा की स्पुटनिक आकाशात गेले तेही त्याच दिवशी, आणि तबकड्यांवर, घड्याळांवर, दिव्यांवर आधीपासूनच उमटू लागलेल्या ताऱ्यांच्या आकृतीला जणू नवे निमित्त मिळाले. पण याच्या दोनच महिने आधी, ऑगस्टमध्ये, पेन्सिल्वेनियातील लेव्हिटटाउनमध्ये विल्यम आणि डेझी मायर्स हे कृष्णवर्णीय दांपत्य मुलांसह राहायला आले. घर त्यांनी रीतसर विकत घेतले होते. घरासमोर शेकडोंचा जमाव जमला, दगडफेक झाली, दिवसेंदिवस छळ चालला. न्यूयॉर्कच्या लेव्हिटटाउनमध्ये तर आरंभीच्या करारातच कलम होते, की कॉकेशियन वंशाबाहेरच्या कोणीही या घरात राहू नये. अपवाद फक्त घरकामाच्या नोकरांचा. १९४८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशी कलमे न्यायालयांना अमलात आणता येणार नाहीत असा निर्णय दिला, तरी रीत चालूच राहिली. तो नोकरांचा अपवाद मला फार बोलका वाटतो. १९५० मध्ये सुरू झालेल्या 'ब्यूला' या मालिकेची नायिका कृष्णवर्णीय होती, आणि ती गोऱ्या कुटुंबाची मोलकरीण होती. दार तिच्या हातचे होते, घर तिचे नव्हते. गावकुसाबाहेरच्या वस्त्या ज्याने पाहिल्या आहेत, त्या मराठी वाचकाला या कलमाचे भाष्य करून सांगावे लागू नये.

वस्तूला जात नसते, हेही इथे नोंदवले पाहिजे. मधोमध मूठ आणि भली मोठी तबकडी ही ज्या घरांची आज ओळख मानली जाते, ती कॅलिफोर्नियातील जोसेफ आइक्लरची घरे. त्याने सुमारे ११,००० घरे बांधली आणि ग्राहकाचा वंश वा धर्म न पाहता विकली. घरबांधणी व्यावसायिकांच्या राष्ट्रीय संघटनेने भेदभावविरोधी धोरणाला पाठिंबा देण्याचे नाकारले, तेव्हा १९५८ मध्ये त्याने तिचा राजीनामा दिला. म्हणजे तशीच मूठ एका वसाहतीत सर्वांसाठी फिरत होती आणि दुसऱ्या वसाहतीत ठराविक हातांसाठी. मालिकांनी मात्र दोहोंतला फरक कधी दाखवला नाही. त्यांना चमक पुरेशी होती.

तो फरक पडद्यावर यायला १९७१ उजाडावे लागले. 'ऑल इन द फॅमिली'च्या पहिल्याच वर्षी क्वीन्समधल्या आर्ची बंकरच्या शेजारचे घर एक कृष्णवर्णीय कुटुंब विकत घेते आणि आर्ची ते रोखण्याची धडपड करतो. ते कुटुंब जेफरसन. १९७५ मध्ये त्यांची स्वतंत्र मालिका निघाली, ती १९८५ पर्यंत चालली. त्यात मॅनहॅटनच्या उंच इमारतीत राहायला गेलेला जॉर्ज जेफरसन शेजाऱ्यांच्या तोंडावर धाडकन दार आपटतो; विनोदाची ती एक ठरलेली जागा होती. प्रेक्षक दर वेळी हसत. त्या हसण्याला वीस वर्षांपूर्वीच्या दगडफेकीची पार्श्वभूमी होती, हे किती जणांच्या ध्यानात येत असेल कोण जाणे.

मुठीचे दिवस तोवर सरत आले होते. शहरी सदनिकांच्या मालिका वाढल्या, आणि दारावर पाहण्याजोगी गोष्ट मूठ न राहता साखळी आणि डोळा लावून बघायचे भोक झाली. 'फ्रेंड्स'मध्ये (१९९४-२००४) मोनिकाच्या जांभळ्या दारावर त्या भोकाभोवतीच पिवळी चौकट टांगलेली होती. तीही आता लोक हौसेने विकत घेतात.

मधल्या मुठीलाही पुन्हा गिऱ्हाईक आले आहे. जुनी घरे विकत घेऊन ती मूळ रूपात आणणाऱ्यांची संख्या बरीच आहे. एका वाहिनीने तर २०१८ मध्ये 'द ब्रेडी बंच'च्या बाह्यदृश्यांतले खरे घर ३५ लाख डॉलरना घेऊन त्याचे आतले रूप स्टुडिओतल्या नेपथ्याबरहुकूम करून घेतले. किरणांच्या तबकड्या नव्याने ओतल्या जातात, जोडपट्ट्या मिळतात. त्याच कॅलिफोर्नियात २०२१ मध्ये झालेल्या कायद्यानुसार प्रत्येक काउंटीच्या नोंदणी कार्यालयाला जुनी खरेदीखते धुंडाळून वंशभेदाची कलमे काळ्या शाईखाली झाकावी लागत आहेत. कागद फार आहेत. काम चालू आहे.