अपघाताची सूचना (मुंबईतील गिरण्या आणि कारखाने)

कामाच्या जागी कामगाराला इजा झाली किंवा त्याचा जीव गेला, तर मालकाने ती गोष्ट ठरावीक मुदतीत आणि ठरावीक नमुन्यात सरकारला कळवायची, या कायदेशीर बंधनाला अपघाताची सूचना म्हणतात. सूचनेच्या मागेपुढे आणखी कागद असतात. कारखान्यातली अपघात वही, भरपाईचा अर्ज, विमा योजनेचा अहवाल, डॉक्टरचा दाखला आणि वर्षअखेरचे विवरणपत्र यांचा त्यात समावेश होतो. मुंबईत हे बंधन १८८१ पासून आहे. परळ, लालबाग, भायखळा, वरळी या गिरणगावाच्या पट्ट्यात या कागदांचे जेवढे प्रकार वापरून झाले, तेवढे देशात फार थोड्या ठिकाणी झाले असतील.

कावसजी दावर यांची ताडदेवची गिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली आणि दोन वर्षांनी सुरू झाली. पुढची पंचवीस वर्षे गिरण्या वाढत गेल्या, कारखान्यांसाठी कायदा मात्र नव्हता. १८७५ मध्ये मुंबई सरकारने चौकशीसाठी एक आयोग नेमला. कायद्याची गरज नाही, असे त्याच्या बहुसंख्य सदस्यांचे मत पडले. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी तरीही १८७८ मध्ये विधेयकाचा मसुदा करून विषय धसास लावला. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईची स्पर्धा खुपत होती, त्यामुळे तिकडूनही कायद्यासाठी जोर होता. मुंबईच्या मालकांनी त्यात परक्यांचा स्वार्थ पाहिला, आणि तो आरोप सर्वस्वी खोटा नव्हता. पण पट्ट्यात हात सापडलेल्या माणसाला त्या वादाशी काय देणेघेणे?

१८८१ चा कायदा शंभर किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांना लागू झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवायला बंदी, धोक्याच्या यंत्रांना कुंपण आणि अपघात कळवण्याची सक्ती या त्याच्या ठळक तरतुदी होत्या. जखमी झालेल्याचे पुढे काय करायचे, याबद्दल त्यात अक्षर नव्हते.

ती उणीव बोलून दाखवली नारायण मेघाजी लोखंडे यांनी. ते स्वतः मांडवीच्या एका गिरणीत स्टोअरकीपर होते आणि ‘दीनबंधू’ हे वृत्तपत्र चालवत होते. १८८४ मध्ये मुंबई सरकारने दुसरा आयोग नेमला, तेव्हा सप्टेंबर महिन्यात परळच्या सुपारीबागेत लोखंड्यांनी गिरणी कामगारांची सभा भरवली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन आयोगापुढे ठेवले. रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, या मागण्या सर्वांना ठाऊक आहेत. त्याच निवेदनातली अपघाताविषयीची मागणी मात्र क्वचितच सांगितली जाते: काम करताना जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि जन्माचे अपंगत्व आल्यास त्याच्या पोटापाण्याची सोय व्हावी. रविवारची सुटी १८९० मध्ये मिळाली. लोखंडे १८९७ च्या प्लेगात गेले. भरपाईचा कायदा त्यानंतर २६ वर्षांनी, १९२३ मध्ये झाला आणि १ जुलै १९२४ पासून लागू झाला. अपघात सरकारला कळवण्याची सक्ती आणि अपघाताची किंमत मोजण्याची सक्ती यांच्यात अशी ४३ वर्षे गेली.

नमुना आणि त्याचे रकाने. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या कलम ८८ प्रमाणे सूचना देण्याची जबाबदारी व्यवस्थापकाची होती. महाराष्ट्र कारखाने नियम, १९६३ मध्ये तिचा नमुना क्रमांक २४ आहे. मृत्यू झाल्यास आधी तातडीने कळवायचे आणि मागाहून लेखी कागद पाठवायचा. मृत्यूची सूचना पोचल्यापासून एका महिन्यात अधिकाऱ्याने चौकशी केलीच पाहिजे, ही तरतूद १९७६ च्या दुरुस्तीने आली.

असा नमुना रुक्ष दिसतो, पण लक्षपूर्वक वाचण्यासारखा असतो. भोगवटादाराचे नाव, कारखान्याचा पत्ता, कोणते खाते, जखमीचे नाव, वय आणि हुद्दा हे रकाने अपेक्षित आहेत. मग प्रश्न टोकदार होतात. अपघात यंत्रामुळे झाला असेल, तर यंत्र कोणते आणि त्याचा नेमका कोणता भाग लागला? ते त्या वेळी यंत्रशक्तीवर फिरत होते का? जखमी माणूस त्या क्षणी नेमके काय करत होता? आणि एक साधा वाटणारा रकाना: त्या दिवशी तो कामावर कधी चढला? रातपाळीच्या शेवटच्या तासाला बोट गेले की पहिल्या तासाला, हे त्या एका उत्तरावरून कळते. थकवा आणि अपघात यांचा संबंध सरकारच्या हाती देणारा हा रकाना आहे.

‘नेमके काय करत होता’ या प्रश्नाचे उत्तर कोण लिहितो, यावर मात्र पुष्कळ काही ठरते. साचेवाला, म्हणजे माग चालवणारा, स्वतः लिहीत नाही. जॉबर, म्हणजे मुकादम, सांगतो, टाइमकीपर किंवा कामगार खात्यातला कारकून लिहितो, व्यवस्थापक सही करतो. चालू साच्यावरून धोटा उडून शेजारच्या माणसाच्या डोळ्याला लागला, हा गिरणीतला ओळखीचा अपघात. त्यासाठी साच्याला जाळी बसवायची असते. जाळी होती का, की काढून ठेवली होती, आणि काढली असेल तर उत्पादन वाढवायला कोणाच्या सांगण्यावरून, हे सगळे ‘कामगाराच्या निष्काळजीपणामुळे’ या दोन शब्दांत गडप होऊ शकते. नमुन्याला मजकूर पुरवणारा आणि अपघाताला जबाबदार ठरू शकणारा पक्ष एकच, हा या पद्धतीतला मूळचा दोष आहे, आणि नमुन्याचे क्रमांक कितीही वेळा बदलले तरी तो तसाच राहिला आहे.

४८ तास. मृत्यू सोडला, तर प्रत्येक इजा कळवावी लागत नाही. इजेमुळे कामगार लगोलग ४८ तास किंवा अधिक काळ काम करू शकला नाही, तरच सूचना द्यायची. मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसने सप्टेंबर १९२१ पासून ‘लेबर गॅझेट’ हे मासिक काढले. त्यात शहरातल्या कापडगिरण्या आणि वर्कशॉपांमधल्या अपघातांचे तक्ते येत, आणि वर्गवारी दिवसांवर होती: ४८ तासांहून अधिक पण २० दिवसांपर्यंत गैरहजेरी असेल तर किरकोळ, २० दिवसांवर गेली तर गंभीर. किती लागले यापेक्षा किती खाडे झाले, हे माप सोपे आहे. हजेरीपटावरून ते ताडून पाहता येते. पळवाटही तिथेच आहे. पट्टी बांधलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी बोलावून स्टुलावर बसवले, हलके काम दिले, की ४८ तास भरत नाहीत आणि सूचनाही जात नाही. बदली कामगाराची गोष्ट आणखी अवघड. त्याला रोज दारावर उभे राहूनच काम मिळायचे. तो दुसऱ्या दिवशी आत दिसला नाही तर इजेमुळे आला नाही की बदली मिळाली नाही, हे सिद्ध कोणी करायचे?

बोटाचा हिशेब. भरपाईच्या कायद्याने वेगळी कागदपत्रे आणली. मालकाने कारखान्यात नोटीस बुक ठेवावे आणि ते जखमी कामगाराच्या हाताशी असावे, असा आदेश सरकारला काढता येत असे. प्राणघातक अपघाताचा अहवाल सात दिवसांत भरपाई आयुक्तांकडे जावा, ही तरतूदही त्यात होती. सोबतच्या परिशिष्टात शरीराचे भाग टक्क्यांत मांडले होते. अंगठा गेला तर कमावण्याच्या शक्तीचे नुकसान ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिची दोन पेरे गेली तर ११, एक पेर गेले तर ९. हाड शाबूत राहून नुसते टोक छाटले गेले तर ५. वाचताना अंगावर काटा येतो. तरी या तक्त्यामुळेच मालकाशी घासाघीस करण्याची वेळ कामगारावर कमी येते, हे मान्य करावे लागते. वीव्हिंग खात्यात सुताची गाठ मारणाऱ्याची तर्जनी आणि गेटवरच्या पहारेकऱ्याची तर्जनी यांना एकच टक्केवारी का, या प्रश्नाला तक्त्यात उत्तर नाही.

कामगार राज्य विमा योजना मुंबईत १९५४ मध्ये आली. परळचे महात्मा गांधी मेमोरियल रुग्णालय, म्हणजे लोकांच्या तोंडचे गांधी हॉस्पिटल, याच योजनेचे. विमा घेतलेल्या कामगाराला भरपाई मालकाऐवजी योजनेचे महामंडळ देते; त्यामुळे मालकाचा अपघात अहवाल आता महामंडळाकडेही जातो. जुन्या माणसांच्या लक्षात तो फॉर्म १६ म्हणून आहे. पुढे तो १२ झाला. या योजनेतली कामगाराच्या फायद्याची गोष्ट अशी की, कामावर असताना घडलेला अपघात कामामुळेच घडला असे कायदा गृहीत धरतो. तसे नाही हे समोरच्याने दाखवायचे. २०१० च्या दुरुस्तीने घर ते कामाची जागा या प्रवासातला अपघातही, कामाशी संबंध दिसत असल्यास, त्यात आला. दादर किंवा परळच्या पुलावर रोज सकाळी लोटणारी गर्दी पाहिली, तर मुंबईसाठी ही दुरुस्ती किती मोलाची आहे ते समजते.

ज्याला तारीख नाही असा अपघात. ब्लोरूम आणि कार्डिंग खात्यात कापसाची तूस हवेत तरंगत असते. वर्षानुवर्षे ती छातीत गेली की बिसिनोसिस होतो. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी छाती आवळते, दम लागतो, आणि आठवडा सरकतो तसा त्रास कमी होतो, ही त्याची सुरुवातीची खूण. मुंबईत तो दिवस म्हणजे सोमवार. लोखंड्यांच्या रविवारने ही खूण उघडी पाडली, असे म्हणायला हरकत नाही. कारखाना अधिनियमाच्या तिसऱ्या परिशिष्टात हा रोग होता. कलम ८९ प्रमाणे तो आढळल्यास व्यवस्थापकाने सूचना द्यायची आणि तपासणाऱ्या डॉक्टरनेही मुख्य निरीक्षकांना कळवायचे, असा नियम होता. डॉक्टरने कुचराई केली तर एक हजार रुपयांपर्यंत दंड होता.

अडचण अशी की रोगाला घटकेचा हिशेब नसतो. यंत्र कोणते, कोणता भाग लागला, कामावर कधी चढला, या रकान्यांत तो बसत नाही. वर्षानुवर्षे ‘सिकवर’ जाणाऱ्या माणसाचा खोकला ब्राँकायटिस, दमा किंवा विडीचा म्हणून सहज खपतो. मुंबईच्या एका कापडगिरणीतल्या बिसिनोसिसचा डॉक्टरांनी केलेला अभ्यास १९९५ मध्ये ‘नॅशनल मेडिकल जर्नल ऑफ इंडिया’त छापून आला. तोवर १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू होऊन तेरा वर्षे उलटली होती आणि गिरण्या एकेक करून बंद पडत होत्या. तूस खाऊन घरी बसलेल्यांच्या रोगाची सूचना द्यायला खातेही उरले नव्हते आणि व्यवस्थापकही.

गिरण्यांनंतर. गिरण्यांच्या जागी कार्यालये, हॉटेले आणि टॉवर उभे राहिले आणि कागदांची जातकुळी बदलली. लोअर परळच्या कमला मिल आवारातील हॉटेलांना २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर आग लागली, १४ जण दगावले. अशा ठिकाणी २००६ चा महाराष्ट्र अग्निप्रतिबंधक कायदा लागू असतो. त्यानुसार परवानाधारक संस्थेकडून जानेवारी आणि जुलै असे वर्षातून दोनदा नमुना ‘ब’ चे प्रमाणपत्र घ्यावे लागते. राज्याचा नवा दुकाने व आस्थापना कायदा त्या आगीच्या अवघे दहा दिवस आधी, १९ डिसेंबर २०१७ ला अमलात आला होता. करी रोडच्या अविघ्न पार्क टॉवरमध्ये २२ ऑक्टोबर २०२१ ला आग लागली तेव्हा एक सुरक्षारक्षक १९ व्या मजल्यावरून पडून मरण पावला. तो कामावरच होता. पण राहण्याची इमारत म्हणजे कारखाना नव्हे, म्हणून कलम ८८ तिथे पोचत नव्हते. गिरणगावातले आजचे पहारेकरी, लिफ्टवाले, सफाई करणारे, खाद्यपदार्थ पोचवणारे हे सगळे त्या कलमाच्या कुंपणाबाहेरच राहिले.

कामाच्या जागच्या सुरक्षेविषयीची २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. अपघात, धोकादायक घटना आणि रोग यांच्या सूचना आता तिच्या १० ते १२ या कलमांत आहेत, आणि त्या दहा किंवा त्याहून अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतात. दुकाने आणि कार्यालये प्रथमच या आवाक्यात आली, हे चांगले झाले. ‘कारखाना’ या व्याख्येचा आकडा मात्र उलटा फिरला आहे. यंत्रशक्ती वापरणाऱ्या कारखान्यासाठी १८८१ मध्ये १०० कामगार लागत, १८९१ मध्ये ५०, १९२२ मध्ये २०, १९४८ मध्ये १०. संहितेने तो पुन्हा २० वर नेला. १९४८ ला जो पल्ला गाठला होता, त्यापासून आपण १९२२ कडे परतलो आहोत. गिरगाव-काळबादेवीच्या चाळींत पाच-सात माणसांवर चालणारे छापखाने आणि धातूकामाची दुकाने तर कोणत्याच आकड्यात धड बसली नाहीत.

जखमी झालेल्याच्या घरच्यांनी एवढे जरूर करावे: कारखान्यातल्या अपघात वहीत नोंद झाली का ते त्याच दिवशी पाहावे. विमा योजनेत अपघाताची सूचना तोंडी देता येते आणि कामगाराच्या वतीने दुसऱ्यालाही देता येते. भरलेल्या अहवालाची प्रत मागून घ्यावी, आणि ‘काय करत होता’ या रकान्यात काय लिहिले आहे ते सही करण्यापूर्वी मोठ्याने वाचून घ्यावे. कारखान्याने सूचनाच दिली नसेल, तर तक्रार वांद्रे-कुर्ला संकुलातील कामगार भवनात, औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे करता येते.