चंद्र दिसला किंवा तीस पूर्ण झाले

इस्लामी महिना 29 दिवसांचा की 30 दिवसांचा, हे आधीपासून ठरलेले नसते. शाबानच्या 29 तारखेला सूर्यास्तानंतर चंद्र दिसला तर दुसऱ्या दिवशी पहिला रोजा. नाही दिसला तर शाबानचे 30 दिवस पूर्ण करायचे आणि मग रोजा. आम्हा आगाशीकरांची नजर त्या संध्याकाळी पश्चिमेला, अर्नाळ्याच्या समुद्राकडे लागलेली असते. रमजान संपताना ईदसाठी पुन्हा हाच नियम.

नियम दोन ओळींचा आहे, पण त्यात एक अवघड गोष्ट सहज साधली आहे. जी घटना कधी घडेल, घडेल की नाही, हे माहीत नाही, तिच्याबद्दल आजच नेमके लिहून ठेवायचे. संगणकशास्त्राला हे साधायला बरीच वर्षे लागली. त्या इतिहासातले एक पान मुंबईत लिहिले गेले, म्हणून हा लेख.

सुरुवातीचे बहुतेक प्रोग्रॅम निकालपत्रकासारखे होते. गुण आत घातले, बेरीज बाहेर आली, काम संपले. लिफ्ट, रेल्वेचा सिग्नल, दवाखान्यातले यंत्र यांचे काम असे संपत नाही. बाहेर काहीतरी घडते आणि त्यांना वेळेत प्रतिसाद द्यावा लागतो. 1985 मध्ये डेव्हिड हॅरेल आणि आमिर प्नुएली यांनी हा फरक स्पष्ट मांडला आणि अशा प्रणालींना ‘रिअॅक्टिव्ह’ म्हटले.

प्रतिसाद चुकला तर काय होते, हे त्याच सुमारास दिसले. थेरॅक-25 हे कर्करोगावर किरणोपचार करणारे यंत्र. 1985 ते 1987 या काळात अमेरिका आणि कॅनडात त्याने सहा रुग्णांना प्रमाणापेक्षा कितीतरी जास्त किरणे दिली, त्यांतले काही दगावले. एक कारण असे निघाले : ऑपरेटरने पडद्यावरची नोंद झटपट दुरुस्त केली, तर चुंबक जागेवर यायला लागणाऱ्या सुमारे 8 सेकंदांत झालेली ती दुरुस्ती प्रोग्रॅमच्या दुसऱ्या भागाला कळतच नसे. प्रोग्रॅमची अनेक कामे एकाच वेळी चालत आणि एकाच स्मृतीत हात घालत. एकेक काम बरोबर वाटत होते. त्यांची जुळणी चुकली होती.

ही जुळणी नीट कशी करायची, याची उत्तरे वेगवेगळ्या ठिकाणी शोधली गेली. फ्रान्समध्ये जेरार बेरी आणि सहकाऱ्यांनी 1980च्या दशकात ‘एस्टेरेल’ ही भाषा घडवली. तिचे गृहीतक असे की संकेत आला त्याच क्षणी प्रतिसाद होतो, मध्ये वेळ जातच नाही. हे समजायला जमातीची नमाज आठवावी. इमामाने तकबीर म्हटली की सगळी सफ एकदम रुकूमध्ये जाते. आवाज मागच्या रांगेपर्यंत पोहोचायला थोडा वेळ लागतोच, पण हिशेबात तो शून्य धरला म्हणून शिस्त राहते. ग्रेनोबलला घडलेली ‘लस्ट्र’ ही भाषा फंक्शनल वळणाची. तिच्यात हुकूम नसतात, समीकरणे असतात आणि ती प्रत्येक क्षणी खरी राहतात. एक्सेलच्या तक्त्यात एक गुण बदलला की बेरीज आणि टक्केवारी आपोआप बदलते, तसेच काहीसे. तिच्यावर आधारलेले साधन पुढे अणुभट्ट्यांच्या सुरक्षा यंत्रणेत आणि एअरबसच्या विमानांत वापरले गेले.

1991 मध्ये जॉन रेपी यांनी ‘कन्करंट एमएल’ मांडली. ही एमएल या फंक्शनल भाषेची वाढवलेली आवृत्ती. तिच्यात घटना ही हातात धरता येणारी, दुसऱ्याकडे सोपवता येणारी वस्तू असते. प्रत्यक्ष वाट पाहणे वेगळे आणि कशाची वाट पाहायची याचे वर्णन वेगळे. दोन वर्णने ‘किंवा’ने जोडली की तयार होणारी गोष्ट पुन्हा एक घटनाच असते, ती आणखी मोठ्या घटनेत बसवता येते. मी भाषा शिकवतो, म्हणून मला उभयान्वयी अव्यये आठवतात : दोन वाक्ये ‘किंवा’ने जोडली तरी जे तयार होते ते वाक्यच. ‘चंद्र दिसला किंवा तीस पूर्ण झाले’ हे तसेच जोडवाक्य. त्याला ‘मग रोजा’ जोडा नाहीतर ‘मग ईद’. उद्या ‘किंवा दुसऱ्या गावाहून विश्वासू शहादत आली’ हा तिसरा पर्याय घातला, तरी आधीचे काही मोडत नाही.

मात्र त्या तिसऱ्या पर्यायात नवी अडचण आहे. मशिदीच्या आत सगळे एका क्षणात होते, पण दोन गावांत तसे होत नाही. आगाशीला ढग असतील तर मुंबईच्या निरोपाची वाट पाहावी लागते. निरोप देणारा आणि घेणारा दोघेही तयार असले तरच तो पोहोचतो. टोनी होअर यांनी 1978 मध्ये प्रक्रियांचा संवाद अशा भेटीच्या रूपात मांडला होता. आतली तत्काळ शिस्त आणि बाहेरची ही भेट एकाच भाषेत कशी बसवायची?

जानेवारी 1993 मध्ये अमेरिकेतल्या चार्ल्सटन इथे प्रोग्रॅमिंग भाषांच्या परिषदेत याचे एक उत्तर मांडले गेले. निबंधाचे नाव ‘कम्युनिकेटिंग रिअॅक्टिव्ह प्रोसेसेस’. लेखक तीन : बेरी, पवईच्या आयआयटीतले एस. रमेश आणि कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आर. के. श्यामसुंदर. त्यांच्या रचनेत प्रत्येक ठाणे आतून एस्टेरेलप्रमाणे तत्काळ चालते आणि ठाणी एकमेकांशी होअर यांच्या पद्धतीने भेटून बोलतात. भेटीची वाट पाहत असताना ठाण्यातच तातडीचा संकेत आला, तर ते थांबणे नीट सोडून देता यायला हवे. थेरॅकच्या घोटाळ्यानंतर हा मुद्दा किती मोलाचा, हे वेगळे सांगायला नको.

पुढे 1997 मध्ये कोनल एलियट आणि पॉल हुडाक यांनी हॅस्केल या फंक्शनल भाषेत ‘फ्रॅन’ मांडले. सतत बदलणाऱ्या गोष्टी आणि अचानक घडणाऱ्या घटना अशी दोन मापे घेऊन त्यांनी हलती चित्रे रचली. ‘फंक्शनल रिअॅक्टिव्ह प्रोग्रॅमिंग’ हा प्रवाह तिथून वाहू लागला. आज मोबाइलच्या पडद्यामागे चालणाऱ्या अनेक साधनांत त्याच्या खुणा आहेत.

आमच्या भागातली मुले संगणक शिकतात ती बहुधा नोकरीपुरती. ही विद्या कुठेतरी दूर तयार होते आणि आपण फक्त वापरायची, असे त्यांच्या मनात पक्के बसलेले असते. विरारहून चर्चगेटची लोकल ज्या शहरात जाते, त्याच शहरातल्या दोन संस्थांची नावे त्या निबंधावर आहेत, हे त्यांना सांगायला हवे. आणि हेही सांगायला हवे की त्या निबंधातला प्रश्न त्यांच्या ओळखीचा आहे. दर वर्षी शाबानच्या 29 तारखेला ती तोच प्रश्न घेऊन गच्चीवर चढतात.