लाल विंचू आणि रक्तदाबाची गोळी

आमच्या पाचाडला रायगड चढायला येणारे पाहुणे गडाच्या गोष्टी विचारतात. विंचवाच्या कुणी विचारत नाही. पण या महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात लाल विंचवाने कित्येक लेकरे नेली. पूर्वी कुणी आघाड्याचे मूळ उगाळून लावी, कुणी मांत्रिकाकडे धाव घेई.

१९७६ साली डॉ. हिंमतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आले. रुग्णाच्या खाटेशेजारी बसून त्यांनी नोंदी केल्या. आधी दरदरून घाम, गार पडणारे हातपाय. मग रक्तदाब चढतो, हृदय थकते, फुप्फुसांत पाणी भरते. म्हणजे जीव घेते ती वेदना नव्हे! या नोंदी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आल्या.

विषामुळे शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो आणि रक्तवाहिन्या आवळतात. प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी नेमके तेच रोखते. तिचा विंचूदंशावरचा उपयोग त्यांनी १९८६ साली ‘लॅन्सेट’मधूनच जगापुढे मांडला. पुढे महाडला ७० रुग्णांवर चाचणी झाली. गोळीच्या जोडीला घोड्याच्या रक्तापासून केलेले प्रतिविष दिले, तर रुग्ण लवकर सावरतो, हे २०११ साली ‘बीएमजे’त प्रसिद्ध झाले. डॉक्टरांना २०२२ साली पद्मश्री मिळाली.

प्रयोगशाळा म्हटली की आपल्याला काचेच्या नळ्या आठवतात. प्राझोसिन तशाच प्रयोगशाळेतून आले. पण ते विंचवावर चालेल हे कळायला खाटेशेजारची रात्रभराची जागरणे लागली.

असो. विंचू चावला तर मूळ उगाळत बसू नका, आधी दवाखाना गाठा.