पृथ्वी सपाट असती, तर सूर्य मावळला असता का?

पृथ्वी गोल नसून थाळीसारखी सपाट आहे, असे मानणारी मंडळी आजही आहेत. या मताच्या प्रसारासाठी इंग्लंडमध्ये सॅम्युअल शेंटन यांनी १९५६ साली संस्था स्थापन केली होती; अलीकडे यूट्यूबवरील चित्रफितींमुळे ते घराघरांतील मोबाइलपर्यंत पोहोचले आहे. त्याची टिंगल करणे सोपे. पण ते घटकाभर खरे मानून अशा पृथ्वीवरचा व्यवहार चालेल कसा, हे तपासणे अधिक उद्बोधक ठरते.

या मंडळींच्या नेहमीच्या नकाशात उत्तर ध्रुव थाळीच्या मध्यभागी असतो आणि अंटार्क्टिका म्हणजे कडेने उभा असलेला बर्फाचा तट. सूर्य सुमारे पाच हजार किलोमीटर उंचीवरून या थाळीभोवती घिरट्या घालतो. पहिली अडचण येथेच उभी राहते. हेच आकडे धरून मार्चमधील विषुवदिनाचा हिशेब केला, तर मुंबईत सूर्यास्ताच्या वेळी सूर्य क्षितिजापासून सुमारे २१ अंश वर असायला हवा आणि त्याचे बिंब दुपारच्या निम्म्याहूनही लहान दिसायला हवे. मध्यरात्रीही तो १५ अंशांच्या खाली उतरणार नाही. गिरगाव चौपाटीवर उभे राहणाऱ्याला मात्र दुपारएवढेच बिंब समुद्रात खालून कापले जात बुडताना दिसते. सूर्याचा झोत विजेरीसारखा मर्यादित असतो, असा खुलासा केला जातो. पण मग सूर्य आकाशातच मंद होऊन विझला असता, अर्धा बुडालेला कधीच दिसला नसता.

ही शंका नवी नाही. भास्कराचार्यांनी ११५० मध्ये पूर्ण केलेल्या 'सिद्धान्तशिरोमणी'च्या गोलाध्यायात हाच आक्षेप घेतला आहे: जमीन आरशासारखी सपाट असेल, तर दूर गेलेला सूर्य माणसांना दिसेनासा का व्हावा? मग ती सपाट भासते का, याचेही उत्तर ते देतात. परिघाचा शंभरावा भाग सरळच वाटतो आणि माणसाची नजर त्या मानाने तोकडी आहे.

गुरुत्वाकर्षणाचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. थाळीचे आकर्षण तिच्या मध्याकडे असते. त्यामुळे कडेकडे निघालेल्या वाटसरूला सपाट जमिनीवरही चढ चढत असल्यासारखे वाटेल आणि समुद्राचे पाणी मध्याकडे गोळा होईल. शिवाय एवढे अवजड वस्तुमान स्वतःच्याच भाराने कोसळून गोल होईल. यावर काही समर्थकांनी काढलेली पळवाट चतुर आहे, हे मान्य करावे लागेल. गुरुत्वाकर्षण नाहीच, थाळीच सतत वाढत्या वेगाने वर जात आहे, असे ते म्हणतात. तसे असते, तर वस्तूचे वजन सर्वत्र सारखे भरले असते. प्रत्यक्षात गुरुत्वीय त्वरण विषुववृत्तावर ९.७८, तर ध्रुवांवर ९.८३ मीटर प्रति सेकंद वर्ग आहे. ध्रुवावर ताणकाट्याने १०० किलो भरलेली वस्तू विषुववृत्तावर त्याच काट्यावर सुमारे अर्धा किलो हलकी भरते.

दक्षिण गोलार्धात तर हा नकाशा पार कोलमडतो. सिडनी आणि चिलीतील सँटियागो यांच्यातील अंतर सुमारे ११,३०० किमी असून थेट विमान साधारण १२ ते १३ तासांत पोहोचते. थाळीच्या नकाशावर हेच अंतर २५ हजार किमीच्या पुढे जाते. म्हणजे विमानाला ताशी दोन हजार किमी वेग हवा. प्रवासी विमाने ताशी सुमारे ९०० किमी वेगाने उडतात, आणि ध्वनीहून वेगवान कॉनकॉर्डची सेवा २००३ मध्येच बंद झाली.

दक्षिणेतील उन्हाळ्यात अंटार्क्टिकाच्या अंतर्भागात सूर्य चोवीस तास मावळत नाही. थाळीच्या नकाशात याला जागाच नाही, कारण तेथे अंटार्क्टिका संपूर्ण कडेभर पसरलेली असते आणि सूर्य एका वेळी एकाच बाजूला असतो. डिसेंबर २०२४ मध्ये या मताच्या काही प्रचारकांना हे दाखवण्यासाठी तेथे नेण्यात आले. सूर्य आकाशात पूर्ण फेरी घालून गेला, पण मावळला नाही. चोवीस तासांच्या सूर्याबाबत आपण चुकलो, असे त्यांतील एकाने जाहीरपणे कबूल केले.