साक्षीतले खोटे: चेहरा की कथन?

साक्षीदार खोटे बोलत आहे हे ओळखायचे कसे, हा प्रश्न न्यायदानाइतकाच जुना आहे. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात अशा माणसाची लक्षणे दिली आहेत. तो एका जागी स्थिर राहत नाही, ओठांचे कोपरे चाटतो, त्याच्या कपाळाला घाम सुटतो, चेहऱ्याचा रंग उतरतो, वाणी अडखळते आणि बोलण्यात विसंगती येते. या यादीत देहाला मोठे स्थान आहे, कथनाला थोडे.

चालुक्य विक्रमादित्याच्या काळात कल्याणी येथे ‘मिताक्षरा’ लिहिणाऱ्या विज्ञानेश्वराने मात्र इथे एक मर्यादा घातली. ही लक्षणे दोषाची केवळ शक्यता सुचवतात, निश्चय देत नाहीत. कारण स्वाभाविक विकार कोणता आणि प्रसंगाने आलेला कोणता, हे वेगळे करणे कठीण असते. खरे बोलणारा भित्रा माणूस या एका खुलाशामुळे वाचू शकतो. २००६ साली चार्ल्स बाँड आणि बेला डीपॉलो यांनी दोनशेहून अधिक अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा माणसे खरे-खोटे सरासरी ५४ टक्के वेळाच अचूक ओळखतात असे आढळले. नुसते नाणे उडवले तरी ५० टक्के यश मिळतेच.

चेहऱ्याकडून कथनाकडे वळण्याचा मोठा प्रयत्न जर्मनीत झाला. लैंगिक अत्याचाराच्या खटल्यांत पुष्कळदा बालकाच्या जबानीखेरीज दुसरा पुरावाच नसे. १९५४ साली मानसशास्त्रज्ञ उडो उंडॉइच यांनी तेथील सर्वोच्च फौजदारी न्यायालयापुढे आपली पद्धत मांडली. अनुभवलेल्या घटनेचे कथन आणि रचलेले कथन यांच्या आशयात व गुणवत्तेत फरक असतो, हे त्यांचे गृहीतक. १९८९ साली श्टेलर आणि क्योनकेन यांनी त्यावरून १९ निकष सिद्ध केले. कालक्रम सोडून मागेपुढे जाणारे निवेदन, अनपेक्षित अडथळे, अनावश्यक वाटणारे तपशील, मध्येच केलेली दुरुस्ती, ‘हे मला आठवत नाही’ अशी कबुली, हे त्यांतले काही. खोटे बोलणारा सहसा या गोष्टी टाळतो, कारण त्यांनी आपली विश्वासार्हता उणावेल असे त्याला वाटते.

साहित्याच्या अभ्यासकाला इथे थबकावे लागते. विस्कळीतपणा, विस्मरण, निरुपयोगी तपशील यांतूनच कादंबरीकार सत्याभास निर्माण करतो. मग निकष पुरे झाले म्हणून कथन खरे कसे मानायचे? शिवाय लहान मूल मुळातच थोडे तपशील सांगते. निकष उणे पडले म्हणून ते खोटे ठरत नाही.

या शंकेला जर्मन परंपरेने दिलेले उत्तर आम्हांला महत्त्वाचे वाटते. तिथे तज्ज्ञाने संहिता एकटी वाचायची नसते. या व्यक्तीचे वय, भाषा, ज्ञान आणि तिच्यावर झालेले संस्कार पाहता, प्रत्यक्ष अनुभवाविना हे कथन तिला रचता आले असते का, असे विचारायचे असते. १९९९ साली त्याच न्यायालयाने आणखी एक शिस्त घालून दिली. तज्ज्ञाने आरंभी जबानी असत्य आहे असे गृहीत धरावे आणि जमलेल्या तथ्यांपुढे ते गृहीत टिकेनासे झाले, तरच ते सोडावे.

लेखकाला बाजूला ठेवून संहिता वाचण्याची सवय आपण वर्गात जाणीवपूर्वक लावतो. साक्षीच्या बाबतीत ती सवय एखाद्या निरपराधाला तुरुंगात धाडू शकते किंवा एखाद्या मुलाचे खरे बोलणे खोटे ठरवू शकते. तिथे कथन आणि कथन करणारा यांना एकत्रच वाचावे लागते. आणि त्यानंतरही हाती येते ती विज्ञानेश्वराने म्हटलेली शक्यताच.